पातळीतला फरक

टाम्पेरेत दोन तळी आहेत,
एक वरचं, एक खालचं.
मध्ये अठरा मीटरचा उतार.
त्या उतारावरच हे गाव पिढ्यान् पिढ्या जेवलं:
सूत, कागद, विजेचे दिवे.
दोन्हींची पातळी सारखी असती
तर इथं नुसता बर्फ असता, आणि मासे.

पेशीचंही तेच.
बाहेर कॅल्शियम भरपूर, आत जवळजवळ नाही.
दहा हजार पटींचा फरक,
आणि तो राखायला ती रात्रंदिवस उपसत बसते,
गळक्या होडीतल्या माणसासारखी.
दार जरा किलकिलं झालं की लोट आत येतो,
आणि त्या लोटालाच आम्ही म्हणतो,
बोलली.

तसं हे कॅल्शियम काही परकं नाही.
ओस्मो जेवताना गटागट पितो त्या दुधातलं,
हाडांतलं, भिंतीच्या चुन्यातलं.
फक्त इथं त्याला मुक्काम करायची परवानगी नाही.

ही सतरा क्रमांकाची तबकडी.
कुणाच्या तरी दंडावरून मसुराएवढी कातडी काढली,
तिला पावलापावलानं मागं नेलं
जिथं ती कातडीसुद्धा नव्हती,
काहीही होऊ शकत होती,
आणि मग दुसऱ्या वाटेनं पुढं आणलं, मज्जापेशींकडे.
दंड कुणाचा, मला ठाऊक नाही.
ठाऊक असू नये असा नियम आहे.
मी फक्त खाऊ घालते. दिवसाआड गुलाबी पाणी,
नाताळातही. बाहेर उणे चोवीस, आत सदतीस.
तूलिक्की म्हणते, तुला मुलं असती
तर इतकी वेळेवर जेवली नसती.

तेविसाव्या दिवशी एक लुकलुकली.
बऱ्याच वेळानं दुसरी, पार दुसऱ्या टोकाला,
पहिलीशी काही देणंघेणं नसल्यासारखी.
मग कितीतरी दिवस नुसतं असंच,
परक्या गावात रात्री कुणी कुणी खिडकी उघडावी तसं.

एकोणपन्नासाव्या दिवशी
एका कडेनं हिरवी लाट निघाली
आणि सगळी तबकडी उजळली.
विझली.
मी अंधारात आकडे मोजले. अकराव्याला पुन्हा.
पुन्हा अकराव्याला.
दहा मिनिटं मी कुणालाच हाक मारली नाही.

पत्र गुरुवारी आलं. दोन ओळींचं.
सतरा क्रमांकाच्या व्यक्तीनं संमती मागे घेतली आहे.
कारण दिलेलं नव्हतं. कारण द्यावं लागत नाही.
ओस्मोनं चष्मा काढला, पुसला,
आणि हातातच धरून ठेवला.
आजच, म्हणाला.

गोठवलेल्या कुप्या त्यानं नेल्या.
बाकीच्या तबकड्या तूलिक्कीनं.
ही माझ्याकडे राहिली, रंग आधीच भरलेला होता.
कॅमेरा बंद केला. नोंदवही मिटली.
नुसतं बघण्याबद्दल
नियमात काही लिहिलेलं नव्हतं,
म्हणजे निदान मी तरी पुढचं पान उलटलं नाही.

अकरा.
अकरा.
ब्लीचचे थेंब मी कडेनं सोडले.

पडदे फुटतात तेव्हा उपसणारं कुणी उरत नाही.
बाहेरचं सगळं एकदम आत येतं,
आणि पेशी अशा उजळतात
जशा जिवंतपणी कधीच उजळल्या नव्हत्या.
नवखा कुणी बघत असता तर म्हणाला असता,
केवढं बोलतायत!
ते बोलणं नव्हे.
बोलायला फरक लागतो.
मग रंगही गेला,
आणि पाणी पाण्यासारखं दिसायला लागलं.

परतताना पुलावर थांबले.
वरच्या तळ्याचं पाणी खाली चाललं होतं,
वाफ काढत, आपल्या घाईत.
राग आला होता का? आला होता थोडा.
कुणावर, ते धड सांगता येईना.
ज्याचं होतं त्यानं परत मागितलं, एवढंच तर.

घरी दूध संपलं होतं.
दुकान बंद व्हायला पाच मिनिटं होती.
रांगेत सात-आठ माणसं, सगळ्यांचे कोट जाड,
गळ्यापर्यंत बंद.
दंड कुणाचाच दिसत नव्हता.